देवाच्या वाट्याचं बी

आमच्या घरात देव हा कामाचा विषय होता. माझे वडील लोणार तालुक्यातल्या आमच्या गावात महादेवाच्या देवळाचे गुरव. पहाटे गाभारा धुवायचा, बेल तोडून आणायचा, समईची काजळी काढायची, नैवेद्य, सांजवात, असं त्यांचं दिवसभर चाले आणि त्याला घरातलं प्रत्येक माणूस जुंपलेलं असे. वर्गातल्या मुलींना सण आला की आनंद व्हायचा, मला चिंचेने घासायच्या तांब्यापितळेचा ढीग दिसायचा. देवावर माझा राग नव्हता. पण त्याच्याबद्दल फार हळवं होऊन बोलणारी माणसं भेटली की वाटायचं, यांना एकदा श्रावणी सोमवारी आमच्याकडे मदतीला पाठवावं.

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असायचा. गुरुजी फळ्यावर ‘सर्व धर्म समान आहेत’ असं लिहीत आणि हजेरीपत्रक भरत बसत. आमच्या शेजारी एक मुसलमान दुकानदार राहायचे, सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. एकदा मी गुरुजींना विचारलं, सगळे धर्म समान आहेत तर चाचांकडे पितरं का जेवायला येत नाहीत? गुरुजी वर न पाहता म्हणाले, ‘बस खाली.’ मी बसले, पण समाधान काही झालं नाही.

पुढे बुलढाण्याच्या कॉलेजात बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं आणि त्यात धर्माचा एक अख्खा पेपर आहे हे पाहून मी हरखले. वडील माझ्याहून जास्त हरखले. त्यांचा समज असा झाला की सरकारने पूजेचं रीतसर शिक्षण सुरू केलंय आणि पोरगी पदवी घेऊन रुद्र म्हणत परत येणार. एसटीच्या थांब्यावर भेटेल त्याला ते हे सांगत सुटले. पहिल्या दिवाळीला मी घरी गेले तर पाय धुवायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘काय शिकवलं मंग?’

‘धर्माच्या व्याख्या,’ मी म्हटलं.

‘किती हायेत?’

‘पुष्कळ. पण एकही सगळ्यांना मान्य नाही.’

वडिलांनी जरा विचार केला. ‘मंग सरकार पगार कायचा देते त्यायले?’

आमचे सर मात्र पगाराला जागणारे होते. पहिल्याच तासाला ते म्हणाले, ‘देव आहे की नाही हा इथला प्रश्न नाही. माणसं देवाच्या नावाने काय करतात ते नीट पाहायचं आणि जसं दिसलं तसं लिहायचं. ज्याला प्रसाद घ्यायचा असेल त्याने वही खाली ठेवावी. दोन्ही एकदम चालणार नाही.’ मला हे फारच पटलं. जन्मापासून देवाची भांडी घासलेल्या मुलीला नुसतं बाजूला उभं राहून पाहायची परवानगी मिळाली होती, तीही अभ्यासक्रमात.

मला सगळ्यात आधी पाहावीशी वाटली ती आमच्याच देवळातली रीत. आमच्या गावात पेरणीच्या दिवशी सकाळी घरोघरचं बियाणं देवळात यायचं. ज्वारी, तूर, सरकी, जे पेरायचं ते. वडील ते सुपात घेऊन पिंडीपुढे ठेवत, त्यातून देवाचा वाटा वेगळा काढत आणि उरलेल्यातली एक मूठ भरून आणणाऱ्याच्या हातात देत. ती मूठ आधी मातीत जायची, मग बाकीची पेरणी. वेगळा काढलेला वाटा देवळाच्या इनामी वावरात पेरला जाई, आणि त्या पिकावर देवाची तेलवात आणि आमचं घर चाले. चाचांचंही थोडं वावर होतं. ते बियाणं आधी दर्ग्यावर नेत आणि मग आमच्याकडे, न चुकता. एरवी वर्षभर वडिलांना गावात कोणी फारसं हिंग लावून विचारत नसे. त्या सकाळी मात्र पाटलापासून सालदारापर्यंत सगळे त्यांच्यापुढे ओंजळ धरून उभे असत. धुतलेलं धोतर नेसून, सूप मांडीवर घेऊन बसलेले वडील फार रुबाबदार दिसत.

मी बारावीत होते तेव्हा गावात बीटी कापूस आला. घरची सरकी शेणराखेत चोळून लावायचे दिवस संपले. चाचांनी किराणा कमी करून कृषी केंद्र काढलं आणि तिथून बियाण्याची पाकिटं गावात जायला लागली. ते बी इतकं महाग होतं की बाया एकेक दाणा जपून हाताने मातीत टोबायच्या. त्यातली मूठ देवाला कोण देणार? त्या वर्षी वडील सूप घेऊन बसले आणि उन्हं वर येईपर्यंत सुपाचा तळ दिसत राहिला. तूर-ज्वारीवाले तेवढे आले. बाकी गावाने सरळ वावर गाठलं.

मी बुलढाण्याला गेल्यावर हे बदललं, आणि ते कसं बदललं ते सांगण्यासारखं आहे. बीटीच्या मोठ्या पाकिटात एक लहान पाकीट निघायचं. हे कशाचं, असं कोणीतरी चाचांना विचारलं. दुकानात गर्दी, चाचा घाईत. ते म्हणाले, ‘वो अलग रखो. त्यात मिसळू नका.’ आता आमच्या गावात बियाण्यातून वेगळी ठेवायची गोष्ट एकच होती. लोकांनी ठरवून टाकलं की कंपनीनेच देवाचा वाटा वेगळा बांधून दिलाय. हे कोणाला जराही चमत्कारिक वाटलं नाही. उलट कंपनीबद्दल गावाचं मत सुधारलं.

पुढच्या पेरणीला सूप भरून वाहिलं. घरटी एकेक लहान पाकीट आलं. मोठ्या पाकिटातलं कोणी काही दिलं नाही, पण वडिलांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी पाकिटं फोडून बी पिंडीपुढे ठेवलं आणि प्रत्येकाला मूठ दिली. त्या बियाण्याला कसलंसं गुलाबी औषध चोळलेलं असायचं. वडिलांचे तळवे गुलाबी झाले, पिंडीवर डाग पडले. मी हात साबणाने धुवा म्हणून मागे लागले तर ते म्हणाले, ‘देवाचा गुलाल समज.’ पुष्कळ दिवसांनी ते इतके खुशीत होते.

मुठी देऊन उरलेलं सगळं बी देवाच्या वावरात लागलं. पीक जोमाने आलं, पाती लागली, बोंडं धरली आणि अळी पडली. आजूबाजूची कपाशी बोंडांनी वाकलेली आणि मधोमध देवाचं वावर चाळणी झालेलं. फवारायला वडील तयार नव्हते. देवाच्या वावरात विष कसं मारायचं, असं त्यांचं म्हणणं. एक वर्ष झालं, लोक म्हणाले होतं कधी कधी. पुढच्या वर्षी तसंच झालं तेव्हा लोकांनी बोलणं थांबवलं, आणि वडील आपल्या पूजेत चूक शोधायला लागले. सोमवारच्या जोडीला त्यांनी गुरुवार धरला, मग शनिवार. बेल तोडून आणल्यावर तीन-तीनदा धुवायला लागले. आई म्हणायची, ‘आता पानं झिजवता काय?’ ते हसत नसत.

त्याच सुमाराला मी एम.ए.ला पुण्याला गेले. तिथे मी तोंड उघडलं की मुली एकमेकींकडे बघत. ‘का’च्या जागी ‘काऊन’ तोंडातून निसटलं की वर्गाचा तेवढा वेळ मजेत जाई. माझ्या मार्गदर्शक मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी सांगितलं, लघुप्रबंधाला लांबचं काही शोधू नकोस, तुझ्या गावची मूठच घे. मी उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर घेऊन घरी आले आणि दारोदार विचारत फिरले, ‘देवाला वाटा का देता? नाही दिला तर काय होईल?’ जन्मात कोणी विचारला नव्हता असा प्रश्न, तोही गुरवाच्या पोरीने, तोही मशीन पुढे धरून. माणसं चाचरायची. एका म्हाताऱ्याने तर मशीनकडे बघत सांगून टाकलं, ‘तुह्या बापाले इचार. अन् तो बी सांगत नसन तर इचारू नोको.’

ती वर्षं एकूणच वाईट होती. बीटीची कपाशी अळीतून वाचली तरी पावसाचा आणि भावाचा काही भरवसा नव्हता. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या आणि माणसं एकमेकांशी जपून बोलायची. अशा दिवसांत कारण शोधायला कोणी फार लांब जात नाही. देवाचं वावर तिसऱ्यांदा अळीने खाल्लं तेव्हा गावाला कारण सापडलं, ते म्हणजे मी.

दिवाळीच्या आधी हॉस्टेलवर आईचा फोन आला. ‘लोक म्हनतेत, गुरवाची पोरगी देवाची तपासनी करून राह्यली, म्हनून त्याचा कोप झाला.’

‘आणि बाबा काय म्हणतात?’

‘ते काहीच बोलत नाहीत,’ आई म्हणाली. आणि लगेच पुढे, ‘दिवाळीले येशीन तवा समदं सामान घेऊनच ये, माय. झालं तेवढं शिक्षन बास झालं.’

मला रडू आलं नाही, संताप आला. गावाचा आला, आईचा आला आणि सगळ्यात जास्त न बोलणाऱ्या वडिलांचा आला. त्याच आठवड्यात मला वर्गापुढे माझा विषय मांडायचा होता. मी तो त्या संतापातच मांडला, अर्धा वऱ्हाडीत. कंपनी देवाचा वाटा वेगळा बांधून देते असं गाव मानतं, हे सांगितलं तेव्हा सगळे माना डोलावत लिहून घेत होते. माझी खोलीतली सोबतीण शेतकी कॉलेजची, सहज म्हणून ऐकायला येऊन बसली होती. बाहेर पडल्या पडल्या तिने माझा दंड धरला.

‘अगं वेडे, ते देवाचं नाही. किडीचं बी आहे ते!’

जेवणाच्या टेबलावर तिने मला समजावून सांगितलं. बीटी कपाशी खाल्ली की अळी मरते. पण एखादी न मरणारी निघते, आणि सगळं रान बीटीचंच असेल तर तिचीच पैदास वाढते. म्हणून कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या. तिथे साध्या अळ्यांनी पोटभर खावं, वाढावं, आणि त्यांचे पतंग होऊन ते त्या चिवट जातीत मिसळून तिचा जोर मोडावा. त्या साध्या कपाशीचं बी लहान पाकिटात असतं. ‘ते खाल्लं जाण्यासाठीच असतं,’ ती म्हणाली. ‘आणि तुम्ही ते एकगठ्ठा एका वावरात लावलंत, वर फवारणीही नाही. अळ्यांची दिवाळीच की!’

मी ताट सरकवून उभी राहिले. कोप नव्हता. माझ्या अभ्यासाचा आणि अळीचा काडीचा संबंध नव्हता. आत्ताच्या आत्ता गावात जाऊन प्रत्येकाच्या दारात उभं राहून ओरडावं असं मला झालं होतं. मग मला वडील आठवले, गुलाबी तळव्यांनी मूठ देणारे, आणि मी पुन्हा खाली बसले. खरं सांगितलं तर माझं शिक्षण वाचत होतं, पण त्यांचं सूप पुन्हा रिकामं होणार होतं. एवढंच नाही, इतकी वर्षं त्यांनी महादेवापुढे किड्यांचं खाणं ठेवलं, हेही त्यांना कळणार होतं.

मॅडमना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. ‘केवढं सुंदर उदाहरण मिळालंय तुला! प्रबंधात यायलाच हवं.’ त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. तरी मला त्यांचा रागच आला. ते सुंदर उदाहरण म्हणजे माझा बाप होता.

दिवाळीला मी एकच पिशवी घेऊन घरी गेले. आईने पिशवीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील विहिरीवर ताम्हण घासत बसले होते. मी शेजारी बसले, एक तांब्या ओढून घेतला आणि चिंच लावता लावता सगळं सांगितलं. सोबतिणीने मला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता.

ते ऐकत होते. हात चालू होता. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘म्हंजे ते किड्यायचं व्हय?’

‘हो.’

‘त्यायनं खावं म्हनूनच देल्लं व्हय कंपनीनं?’

‘हो.’

‘कोप नाही?’

‘नाही, बाबा.’

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, इतका की मला हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. हातातल्या ताम्हणाकडे बघत ते हळूच म्हणाले, ‘अन् मी ते महादेवाले वाहून राह्यलो.’

मी घाईघाईने म्हटलं, ‘हे गावाला कळायचं कारण नाही. मी नावगाव न टाकता लिहीन. लोक पाकिटं आणताहेत तर आणू द्या. तुम्ही फक्त मला पुण्याला जाऊ द्या.’ हे मी मनापासून बोलत होते. विहिरीवर बसून मला दुसरा कुठलाच मार्ग सुचत नव्हता.

‘तुले बोल कुठं लागला?’ त्यांनी विचारलं. ‘गावात लागला न? मंग तो गावातच उतरला पाह्यजे.’ त्यांनी ताम्हण उपडं घातलं, आणि दिवाळी संपल्यावर मला बसमध्ये बसवून द्यायला स्वतः थांब्यावर आले.

पुढच्या पेरणीला मी परीक्षा आटोपून घरी होते. लघुप्रबंध पुण्याला परत जाऊन द्यायचा होता आणि त्याची शेवटची नोंद बाकी होती, म्हणून वही घेऊन मंडपातल्या खांबाशी उभी राहिले. वडील नेहमीसारखे धुतलेलं धोतर नेसून बसले. लोक पाकिटं घेऊन आले. सगळे जमेपर्यंत त्यांनी एकही पाकीट फोडलं नाही. मग ते उभे राहिले. आयुष्यात मंत्राशिवाय मोठ्याने कधी न बोललेला माणूस गावापुढे बोलायला लागला.

‘हे देवाचं बी नाही,’ ते म्हणाले. ‘हे किड्यायचं हाय. कंपनीनं किड्यायच्या वाट्याचं देल्लं, आपुन ते महादेवाले देल्लं. म्हनून त्याचं वावर खाल्लं. माह्या पोरीनं सोधून काहाडलं हे. तिच्या अभ्यासानं वावर नाही गेलं, माह्या अडानीपनानं गेलं. आपापलं पाकीट घेऊन जा अन् बांधाकडून लावा.’

मागून कोणीतरी हसलं. ‘म्हंजे बुवा, इतके साल आपुन किड्यायची पूजा केली काय?’ मग बरेच जण हसले. वडीलही कसनुसं हसले आणि एकेकाला त्याचं पाकीट परत देत राहिले. चाचा पुढे आले, म्हणाले, ‘बुवा, गलती मेरी है. मैंनेच अलग रखो बोला था.’ वडील म्हणाले, ‘तुमी बराबरच सांगतलं होतं, चाचा.’ मला खांबाशी उभं राहून यातलं एक अक्षर लिहिता आलं नाही. पाकिटं परत नेणाऱ्यांपैकी किती जणांनी ती बांधाकडून लावली मला माहीत नाही. बहुतेकांनी फेकलीच असतील. पण त्या दिवसापासून माझ्या शिक्षणाबद्दल गावात पुन्हा कोणी बोललं नाही, आणि दुपारी आईने माझ्यासमोर हॉस्टेलवर न्यायच्या चटणीला शेंगदाणे भाजायला घेतले.

लघुप्रबंधाला चांगले गुण मिळाले. वर्षभराच्या आत मला बुलढाण्याच्या एका कॉलेजात तासिका मिळाल्या आणि मीही पोरांना सांगायला लागले, प्रसाद घ्यायचा असेल तर वही खाली ठेवा. पेरणीचे दिवस आले तेव्हा सुट्टी होतीच. मी बुलढाण्याच्या बाजारात तुरीचं बी घेतलं आणि सकाळच्या एसटीने गाव गाठलं.

देवळात वडील एकटे होते. धोतर धुतलेलं, सूप मांडीवर. सुपाशेजारी दोनच पुड्या होत्या, कोणाची तरी थोडी ज्वारी आणि चाचांनी पाठवलेले मूग. मला पाहून ते जरा ओशाळले, सूप उगाच झटकल्यासारखं केलं.

‘वही नाही आनली काय?’

‘आणलीय,’ मी म्हटलं आणि ती पायरीवर ठेवली. मग तूर त्यांच्या सुपात ओतली.

त्यांनी ती हाताने सारखी केली. तळहातांचा गुलाबी रंग केव्हाच गेला होता. उठून त्यांनी सूप पिंडीपुढे ठेवलं, बेल वाहिला, पाणी फिरवलं. परत येऊन बसले तेव्हा मी ओंजळ धरली. आयुष्यात पहिल्यांदा. गुरवाच्या घरातली माणसं मूठ देतात, घेत नाहीत.

‘कोन्त्या वावरात टाकशीन?’

‘वावर कुठाय मला? खोलीच्या मागे थोडी जागा आहे.’

त्यांनी मूठ भरली, माझ्या ओंजळीत रिकामी केली. मग दुसरी भरली. मग ओढणी पसर म्हणाले आणि सुपातली सगळीच्या सगळी तूर तिच्यात ओतली. मी त्यांना आठवण करून दिली, ‘बाबा, देवाचा वाटा काढायचा राहिला.’

‘त्याचा मांगच्या साली देल्ला, समद्यायपुढं उभं राहून,’ ते म्हणाले आणि सूप बाजूला ठेवून समईची वात सारखी करायला उठले.

मी ओढणीची टोकं दोन्ही हातांनी धरून देवळाच्या पायऱ्या उतरले. वही तिथेच राहिली. ती संध्याकाळी आईने घरी आणून दिली.